सरकारची म्हणून नेलेली खुर्ची

आमच्या जिल्ह्यात थकबाकीदार म्हटलं की लोकांची नजर आपोआप शेताच्या बांधाकडं जाते. या गोष्टीतलं थकबाकीदार मात्र सरकार आहे, आणि त्याच्या थकबाकीपायी जप्त झालं ते माझं सामान. यात न्याय कुठं बसतो ते मी अजून शोधते आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत, भूसंपादनाच्या शाखेत अव्वल कारकून आहे. कचेरी कोणती ते सांगणार नाही, मला अजून सुखानं निवृत्त व्हायचंय. आमचं काम असं. तलावाला, रस्त्याला, कालव्याला जमीन लागली की सरकार ती घेतं आणि मोबदला देतं. मोबदला कमी वाटला की माणूस कोर्टात जातो. कोर्ट निकाल देतं, वाढवून द्या. सरकार म्हणतं, देतो. या ‘देतो’ आणि ‘दिले’च्या मधे जी जागा आहे तिथं माझं टेबल आहे.

निकाल लागूनही पैसे आले नाहीत की जिंकलेला माणूस पुन्हा कोर्टात जातो आणि दरखास्त घालतो. मग कोर्ट जप्तीचं वॉरंट काढतं आणि ते घेऊन बेलिफ दारात उभा राहतो. तुमच्याआमच्या घरी बेलिफ आला तर कायद्यानं त्याला काही वस्तू सोडाव्या लागतात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, सुताराची करवत, बाईचं मंगळसूत्र. सरकारला ना अंथरूण ना मंगळसूत्र. त्यामुळं बेलिफ सरळ खुर्च्या, कपाटं, संगणक आणि साहेबांची गाडी लिहायला घेतो. पैसे भरले की सामान परत, नाही भरले तर लिलाव. लिलाव मी कधी पाहिला नाही. तोपर्यंत साहेब कोर्टात जाऊन मुदत मागून येतात.

तर बेलिफ येणार म्हटलं की आमच्याकडं एक पद्धत आहे. ती कुठल्याही नियमावलीत नाही, पण नव्यानं रुजू झालेल्या माणसाला ती हजेरीपटाच्या आधी शिकवली जाते. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवरून फोन येतो, “पाहुणे निघालेत.” ड्रायव्हर चहाचा कप तसाच ठेवून गाडी काढतो आणि थेट मांजरसुंब्याला जातो. तिथं एका धाब्यामागं लिंबाचं झाड आहे. रस्त्यावरून त्याच्याखालची गाडी दिसत नाही. ड्रायव्हर शेवभाजी मागवतो, गाडी सावलीत झोपते आणि आम्ही इकडं सांगतो, “साहेब व्हिजिटला गेलेत.” एकदा साहेब व्हिजिटला न जाता रेकॉर्ड रूममधे बसले होते. जुन्या कागदांची धूळ नाकात जाऊन त्यांना सटासट शिंका आल्या. बेलिफानं मान वर न करता पंचनामा लिहिला आणि जाताना म्हणाला, “व्हिजिटवर सर्दी झालेली दिसतीय साहेबांला.”

गाडी झाली, आता सामान. कचेरीच्या मागं एक मंगल कार्यालय आहे आणि मधली भिंत एका जागी पडलेली आहे. त्या खिंडारातून चांगल्या खुर्च्या पलीकडं जातात आणि रेकॉर्ड रूममधून ‘जप्तीचं सामान’ बाहेर येतं. तीन पायांचं टेबल, चौथ्या पायाच्या जागी विटा. पाठ नसलेली खुर्ची. दार उघडलं की दारच हातात येणारं कपाट. या सामानावर इतक्यांदा जप्ती आली आहे की बेलिफ त्याच्याकडं बघून ओळखीचं हसतो. ते उचलून न्यायच्या लायकीचं नसल्यानं तो तिथंच ठेवतो, फक्त लिहून घेतो.

एकदा मंगल कार्यालयात लग्न चालू असतानाच पाहुणे आले. आम्ही खुर्च्या पलीकडं सरकवल्या. साहेबांच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत नवरदेवाचा मामा जाऊन बसला आणि दुपारभर त्या खुर्चीत गरागरा फिरत राहिला. लग्नाच्या मांडवात जाऊन वराच्या मामाला ‘उठा’ कोण म्हणणार? ती खुर्ची पंगती उठल्यावर मिळाली. एक साधी हाताची खुर्ची मात्र परत आलीच नाही. आमचा शिपाई म्हणतो ती आहेरात गेली. ही हरवलेली खुर्ची लक्षात ठेवा, तिनं पुढं माझं वाटोळं केलं.

आता माझी खुर्ची.

माझ्या वडिलांच्या लहानपणी आमच्या आळीतल्या माणसाला गावच्या चावडीत खुर्ची सोडा, ओट्याची पायरीसुद्धा नव्हती. खाली मातीत बसायचं, तेही अंतर राखून. मग आजोबांनी धर्म बदलला, बुद्धाला हात जोडले आणि पोराला शाळेत घातलं. पोरगा मास्तर झाला. पहिल्या पगारात त्यानं आईसाठी लुगडं आणलं नाही की घरावर पत्रा टाकला नाही. त्यानं सुताराकडून एक सागवानी खुर्ची करून घेतली, हातांची, वेताच्या बैठकीची. ती घरात ठेवली नाही. अंगणात रस्त्याकडं तोंड करून ठेवली. वडील शाळेतून आले की पेपर घेऊन तीत बसायचे. पेपर लवकर संपायचा, वडील दिवेलागणीपर्यंत उठायचे नाहीत. माझी आई विचारायची, “काय वाचायलेत एवढं?” वडील म्हणायचे, “मी वाचत न्हाई. मी बसलोय.”

वडील गेल्यावर भावाच्या घरात सोफा आला आणि खुर्ची माळवदावर गेली. मी ती उतरवली आणि कचेरीत आणली. सरकारनं मला दिलेली खुर्ची दुसऱ्याच दिवशी नाझरला परत केली. नाझर म्हणजे कचेरीच्या सामानसुमानाचा हिशेब ठेवणारा कारकून. आमचा नाझर मोजून-मापून बोलतो, मोजून-मापून हसतो आणि कुठलीही गोष्ट मोजल्यावर कमी भरली की त्याला झोप लागत नाही. त्याच्यासह सगळ्यांना मी बजावून ठेवलं होतं, “ही खुर्ची खासगी आहे. हिला कुणी हात लावायचा नाही. पाहुणे येवोत नाहीतर भूकंप होवो.” खुर्चीचा एक पाय किंचित आखूड होता. मला राग आला की मी नकळत मागंपुढं व्हायची आणि टक टक आवाज यायचा. तो आवाज ऐकून लोक फाईल पुढं करायची की परत न्यायची ते ठरवायचे.

माझ्या टेबलासमोर एक मावशी वर्षानुवर्षं येत होती. केज तालुक्यातली, नऊवारी लुगडं, कपाळ कोरडं, बोलणं कमी. तिचं रान पाझर तलावात गेलेलं. मोबदल्याचा दावा तिच्या मालकानं लावला होता. निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण पैसे यायच्या आधी तो गेला, म्हणून वारस म्हणून ती यायची. येऊन एकच विचारायची, “आलं का?” मी म्हणायची, “नाही आलं मावशी, वरून यायचंय.” ती वर बघायची, जसं काही छतातूनच पडणार आहे. मग माझ्या खुर्चीकडं बघायची आणि निघून जायची. उभीच यायची, उभीच जायची. आमच्याकडं येणाऱ्यांसाठी खुर्ची नसते. का नसते ते मंगल कार्यालयाला विचारा.

शेवटी तिच्या वकिलानं दरखास्त घातली आणि वॉरंट निघालं. नेमकी त्या दिवशी मी बैठकीसाठी केजला गेले होते. संध्याकाळी एसटीनं परत येऊन बघते तर माझ्या टेबलामागं भिंत दिसत होती. नुसती भिंत.

“माझी खुर्ची कुठाय?”

शिपाई नाझरकडं बघायला लागला, नाझर पंख्याकडं.

“मॅडम, पाहुणे आल्ते,” शिपाई म्हणाला.

“मग? बाकीच्या खुर्च्या तर जागेवर आहेत.”

“त्या पलीकडं नेल्त्या ना. तुमच्या खुर्चीला हात लावायचा न्हाई मनून तुमीच मनल्या होत्या. आमी न्हाई लावला. बिलकुल न्हाई लावला. मग सगळ्या हापिसात चांगली अशी तेवढीच राहिली. बेलिफासंगं ती मावशी बी आल्ती. तिनं बोट केलं, बेलिफानं उचलली.”

माझ्याच तोंडचा हुकूम इतक्या इमानदारीनं त्या कचेरीत पहिल्यांदा पाळला गेला होता. मी ओरडायला तोंड उघडलं, पण टक टक करायला खाली काही नव्हतं, त्यामुळं रागसुद्धा नीट येईना.

मी तिथल्या तिथं बेलिफाला फोन लावला. बेलिफ भला माणूस आहे, अनेक वर्षं आमचं त्याचं ‘नादुरुस्त’ सामानाचं नातं आहे. मी म्हटलं, “भाऊ, ती खुर्ची सरकारची नाही. माझ्या वडिलांची आहे.”

“मॅडम, मी तपासल्याबिगर उचलतो का?” तो म्हणाला. “बैठकीच्या खाली पांढऱ्या रंगात तुमच्या हापिसाचा नंबर हाय. मी वाकून बघितलाय. पंचांनी बी बघितलाय.”

मी फोन ठेवला आणि नाझरकडं बघितलं. नाझर अजून पंख्याकडंच बघत होता आणि पंखा बंद होता.

मग सगळं बाहेर आलं. लग्नात गेलेल्या खुर्चीमुळं सामानाच्या वार्षिक तपासणीत एक खुर्ची कमी भरत होती. नाझरला झोप लागेना. एका दुपारी मी जेवायला गेलेली पाहून त्यानं माझी खुर्ची उलटी केली आणि हरवलेल्या खुर्चीचा नंबर तिच्याखाली रंगवला. तपासणीला आलेल्या साहेबांनी मोजणी बरोबर म्हणून सही केली. आणि मी, जी दुसऱ्याची फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचते, मी माझ्या स्वतःच्या खुर्चीखाली कधी वाकून बघितलं नव्हतं.

ओळखीच्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, हरकत अर्ज द्या. जप्त केलेली वस्तू दुसऱ्याची असेल तर तिसऱ्या माणसाला कोर्टात सांगता येतं, पण पुरावा लागतो. खुर्ची कधी केली, कुणी केली, पावती कुठं आहे? सुतार वारला. पावती त्या काळात कोण देत होतं? आणि खालचा नंबर? तो खोटा आहे हे दाखवायचं तर तो कुणी रंगवला ते सांगावं लागेल. वकिलाच्या ऑफिसबाहेर नाझर उभाच होता. त्याचे हात जोडलेले.

“ताई, माझी पेन्शन जाईल. दोन वर्षं राहिलीत फक्त. पाहिजे तर मी तुम्हाला नवी खुर्ची घेऊन देतो. चाकाची.”

“चाकाची खुर्ची घेऊन मी काय करू? माझे वडील चाकावर बसायचे का?”

त्याचे डोळे भरले. मला त्याच्यावर इतका राग आला होता की त्याला कोर्टात उभं करावं आणि आपण समोर बसून भुईमुगाच्या शेंगा खाव्यात. पण माणूस वाईट नाही. मोजणीपायी बिघडलेला आहे. मी हरकत अर्ज दिला नाही.

राहिला एकच रस्ता. कोर्टात ठेवायला जागा नव्हती. आवारात आधीच एक जप्त टेंपो आणि एक पिठाची गिरणी गंजत पडली होती. म्हणून खुर्ची सुपूर्तनाम्यावर मावशीच्याच ताब्यात दिलेली. म्हणजे जपून ठेवायची, वापरायची नाही, विकायची नाही, कोर्टानं मागितली की हजर करायची. मी ठरवलं, मावशीला गाठायचं आणि गोड बोलून अदलाबदल करायची.

रविवारी माझ्या घरच्या दोन चांगल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या गावोगाव प्रवासी भरत जाणाऱ्या वडापच्या जीपवर बांधल्या आणि तिच्या गावाला गेले. घर तलावाच्या काठालाच. दोन खोल्या, समोर सारवलेला ओटा. आणि ओट्यावर, बरोबर मधोमध, माझ्या वडिलांची खुर्ची. तळ्याकडं तोंड करून.

मावशीनं मला ओळखलं. “आलं का?” ती म्हणाली. मी आता तिच्या दारात होते आणि तरी तोच प्रश्न.

“नाही आलं मावशी. मी दुसऱ्या कामाला आलेय.”

“बस की मग.”

बसायला म्हणून घरात खुर्ची एकच होती आणि तिच्यात बसायची कोर्टाची परवानगी ना तिला होती ना मला. मी आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या तिनं खाली उतरवूच दिल्या नाहीत. म्हणून आम्ही दोघी त्या रिकाम्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो. कुणी लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं बायका कीर्तन ऐकायला बसल्यात आणि बुवा अजून यायचेत.

मी मुद्द्यावर आले. “मावशी, ही एक घेतलीत, त्याच्या बदल्यात मी दोन आणल्यात. नव्या.”

“कावून?”

“ही जुनी आहे. डुगडुगते.”

“ते मला मालूम हाय. पाचर मारून घेतली म्या. आता न्हाई डुगडुगत.” तिनं खुर्ची हलवून दाखवली. ढिम्म हलली नाही. माझ्या रागाचं वाद्यच तिनं बंद करून टाकलं होतं. “आन् रोज पुसते. तेल बी लावलंय. ही कोर्टाची अमानत हाय बाई. अदलाबदल कशी करू? उद्या बेलिफ आला आन् मनला, सागवानी दिल्ती, पिलाष्टिक कशी झाली, तर मी काय सांगू?”

काय सांगणार? माझ्या कचेरीत एवढा कायदा पाळणारा माणूस असता तर मावशीवर ही वेळच आली नसती.

“पण इथं बाहेर का ठेवली? घरात ठेवायची,” मी म्हटलं.

तिनं तळ्याकडं हात केला. पाणी शांत होतं. मधे कुठंतरी एका बाभळीचं सुकलेलं टोक वर आलं होतं.

“ती बाभळ दिसतीय का? ती माझ्या बांधावरली. तिथून हिकडं समदं माझं रान. इतकी साल मी हापिसात येऊन उभी राहायची, सरकारला कधी रान बघायला यायचं जमलं न्हाई. आता सरकारची खुर्ची आणलीय मी हितं. तळ्याकडं तोंड करून ठिवलीय. बघू दे सरकारला, काय घेतलंय ते.”

मला हसू आलं. खरं सांगायचं तर तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण खुर्चीसाठी जीव तुटत होता, म्हणून सगळं सांगितलं. चावडी, मातीत बसणारे आजोबा, पहिला पगार, रस्त्याकडं तोंड करून बसणारे वडील, लग्नात गेलेली खुर्ची आणि पांढरा नंबर. मावशी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मधे एकदाच तोंड उघडलं, “मी वाचत न्हाई, मी बसलोय, असं मनायचे का?” आणि मान हलवली.

मग खुर्चीकडं बघून म्हणाली, “मंजे इतके दिस हितं तुझा बापच बघायलाय का?”

“हो.”

“सरकार न्हाईच.”

“नाही मावशी.”

ती उठली. खुर्चीवरची नसलेली धूळ पदरानं पुसली. माझ्या मनात आलं, झालं, आता देते. ती म्हणाली, “मग तर लई जपाया पायजे. मास्तरची हाय ही. पर देत न्हाई. माझं पैसं आण आन् ने. म्या दोन वस्तू न्हाई मागत, एकच मागतीय.”

परत येताना प्लॅस्टिकच्या दोन्ही खुर्च्या जीपच्या टपावर खडखडत होत्या. ड्रायव्हरनं विचारलं, “विकल्या न्हाईत का ताई?”

दुसऱ्या दिवसापासून मी मावशीच्या फाईलच्या मागं लागले. निधीचा प्रस्ताव आमच्याकडून कधीच गेला होता. तो जिल्ह्याच्या वरच्या कचेरीत एका मोठ्या साहेबांच्या सहीसाठी पडून होता. सही झाली की पैसे कोर्टात जमा होणार होते. एवढीच एक सही. फोन केले, पत्रं पाठवली, काही हललं नाही. मग रजा टाकून मी स्वतः बीडला जाऊन बसायचं ठरवलं. ‘बसायचं’ हा शब्द चुकला. तिथं बाहेर बसायला काही नव्हतं. शिपायाला खुर्ची मागितली तर तो हळूच म्हणाला, “मॅडम, आज पाहुणे यायचेत मने. समद्या खुर्च्या आत नेल्यात.”

मी दुपारपर्यंत उभी होते. पाय दुखले, मग कंबर. मग ज्या खुर्च्या मी स्वतः खिंडारातून पलीकडं ढकलल्या होत्या त्या एकेक आठवायला लागल्या, आणि स्वतःचाच राग आला. पण रागात उभं राहून टक टक करता येत नाही. साहेब संध्याकाळी म्हणाले, “बघतो.” मी पुन्हा गेले. पुन्हा “बघतो.” तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात आमची ती सनातन पद्धत उजेडासारखी आली. या साहेबांची गाडीही त्याच लिंबाखाली झोपते, हे आमच्या ड्रायव्हरनं कधीच सांगितलं होतं.

मी आत गेले, नमस्कार केला आणि म्हटलं, “साहेब, सहीचं सावकाश होऊ द्या. एक बारकी गोष्ट सांगायची होती. आमच्याकडं येणारा बेलिफ परवा मला विचारत होता, मांजरसुंब्याला गाडी लावायला चांगली सावली कुठं आहे म्हणून.”

साहेबांचा पेन हवेतच थांबला. “मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“अजून काही नाही साहेब.”

बाहेर त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी चालू केल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बेलिफानं असं काही विचारलं नव्हतं. तो बिचारा मांजरसुंब्याला भज्यासाठीसुद्धा थांबत नाही. मी जे केलं त्याला कायद्यात काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे, म्हणूनच इथं लिहीत नाही. साहेबांनी फाईल मागवली, शेवटचं पान उघडलं आणि सही केली. सही करताना म्हणाले, “तुम्ही फार कर्तव्यदक्ष आहात.” हे कौतुक होतं की इशारा ते मी विचारलं नाही.

पैसे कोर्टात जमा झाले, जप्ती उठली, आणि खुर्ची परत करायचा आदेश घेऊन बेलिफ आणि मी मावशीच्या गावाला गेलो. नाझरनं सकाळीच मला एक पॉलिश पेपर दिला होता, नंबर खरवडायला. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा एक खुर्ची कमी भरणार असल्याचं दुःख होतं.

मावशी ओट्यावरच उभी होती. वकिलाचा फोन आला होता तिला. बेलिफानं आदेश वाचून दाखवला, खुर्ची चारी बाजूंनी बघितली, हात टेकवून हलवली आणि म्हणाला, “मावशी, दिली त्यापेक्षा चांगली परत केलीत तुमी. असं माझ्या नोकरीत न्हाई बगितलं.” मावशीनं अंगठा दिला.

मी म्हटलं, “मावशी, आता बसा.”

“आता चालतं का?” तिनं बेलिफालाच विचारलं. त्यानं मान डोलावली.

ती बसली. आधी अगदी कडेला, पदर सावरून. मग सरकून मागं टेकली आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. तळ्याकडं तोंड होतंच. मला वडील आठवले आणि त्यांच्या जागी ती मला अजिबात उपरी वाटली नाही. जीपवाल्यानं हॉर्न दिला तशी ती उठली.

“ने बाई,” ती म्हणाली. “तुझी वस्तू तुला घावली. माझं पैसं घावलं. रान हाय तिथंच हाय, पान्याखाली.”

आम्ही खुर्ची उचलून टपावर उलटी बांधली. पांढरा नंबर वर आला, उन्हात चमकत. जीप निघाली. वळणाला लागल्यावर मी मागं बघितलं. ओट्यावर जिथं खुर्ची होती तिथं मावशी खाली बसली होती, तळ्याकडं तोंड करून.